साबुदाण्याच्या मुळावर आलेली कीड आणि तिचं खरं नाव

एकादशीच्या आदल्या रात्री आपल्याकडे साबुदाणा भिजत पडतो. सकाळी खिचडी, वडे, थालीपीठ, आणि संध्याकाळी पुन्हा काहीतरी साबुदाण्याचंच. पण हा दाणा कुठल्या कणसात किंवा शेंगेत पिकत नाही. कसावा नावाचं एक उंच झुडूप असतं. त्याच्या रताळ्यासारख्या मुळांमध्ये साठलेल्या पिठापासून साबुदाणा बनवतात. आपल्या दुकानांत येणारा बराचसा साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलम भागातला असतो. तिथे शेतात कसावा आणि गावात साबुदाण्याचे कारखाने, असं सगळं एकमेकांना लागून आहे.

२०२० साली केरळात, त्रिशूरजवळ, कसाव्याच्या शेंड्यांवर एक पांढरी, कापसासारखी कीड दिसली. पाठोपाठ ती तमिळनाडूतही पोचली. शेंडे आखडले, पानं मुडपून गुच्छ झाले, पेरांमधलं अंतर कमी होऊन झाड बुटकं राहू लागलं. बातम्या आल्या, ‘कसाव्यावर मिलीबगचा हल्ला’. ते वाचून अनेकांना साहजिकच प्रश्न पडला की मिलीबग तर आपल्याकडे कधीपासूनच आहेत. जास्वंदीवर आहेत, सीताफळावर आहेत, द्राक्षाच्या घडात आहेत. सेलमच्या शेतकऱ्यानं तर दहा-बारा वर्षांपूर्वी अशीच पांढरी कीड याच पिकावर पाहिली होती. मग यात नवीन ते काय?

नवीन होतं ते नाव. हे नाव अचूक कळणं ही या सगळ्या गोष्टीतली सर्वात मोलाची घटना होती असं मला वाटतं. ते का, ते सांगण्यासाठी थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

पांढरा कापूस म्हणजे कोण?

मिलीबगला मराठीत पिठ्या ढेकूण म्हणतात. नाव अगदी चपखल आहे, कारण अंगावर पीठ भुरभुरावं तसा मेणाचा पांढरा थर असतो. हा आपल्या अंथरुणातल्या ढेकणाचा लांबचा नातेवाईक. मावा, तुडतुडे, पांढरी माशी हे सगळे त्याच मोठ्या गोतावळ्यातले. सुईसारखी सोंड झाडात खुपसायची आणि रस ओढायचा, हे सगळ्यांचं समान कसब.

या गोतावळ्यातल्या एका शाखेला खवले कीड म्हणतात. काही जणींच्या पाठीवर माशाच्या खवल्यासारखं कडक कवच असतं, तर काही जणी मेणाचा थर पांघरतात. पिठ्या ढेकूण याच शाखेतले. जगभरात खवले किडींच्या आठ हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत आणि त्यांतल्या साधारण दोन हजार पिठ्या ढेकणांच्या. सगळ्याच वाईट नाहीत. पळसावर, बोरीवर वाढणारा लाखेचा किडा खवले कीडच आहे, आणि लाखेच्या बांगड्या त्याच्याच कृपेनं होतात.

यांची मादी मोठी झाली तरी तिला पंख फुटत नाहीत. अंड्यातून निघालेलं पिल्लू तेवढं तुरुतुरु चालतं, वाऱ्यावर उडून दुसऱ्या झाडावर जातं, माणसाच्या कपड्यांना किंवा बेण्याच्या कांड्यांना चिकटून दुसऱ्या जिल्ह्यातही जातं. एकदा चांगली जागा मिळाली की मादी फारशी हलत नाही. ती रस पीत राहते आणि जादा साखर चिकट थेंबांच्या रूपानं बाहेर टाकते. त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते, पानं काजळतात, मुंग्या येतात. मुंग्यांना गोड खाऊ मिळतो आणि त्या बदल्यात त्या किडीच्या शत्रूंना हुसकावून लावतात.

सारख्याच दिसणाऱ्या दोन हजार जणी

लांबून पाहिलं तर सगळे पिठ्या ढेकूण एकसारखेच. तांदळाच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान, लांबट गोल, पांढरे. जवळून पाहिलं की थोडे फरक दिसतात. एकीला मागे दोन लांब शेपट्या आणि पाठीवर दोन गडद पट्टे असतात. कपाशीवर येते तिच्या पाठीवर गडद ठिपक्यांच्या जोड्या असतात. द्राक्ष बागायतदार जिला ओळखतात ती मेण पुसलं की गुलाबी निघते आणि चिरडली तर लालसर पाणी सोडते. पपईवरची आतून पिवळी असते, आणि अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवली की निळसर काळी पडते.

या खुणा उपयोगाच्या आहेत, पण पुरेशा नाहीत. तापाच्या रोग्याचं अंग गरम लागतं, तेवढ्यावरून हिवताप की डेंग्यू हे सांगता येत नाही. रक्त तपासावं लागतं. इथे रक्ताच्या जागी मादीची कातडी तपासतात.

ते काम असं चालतं. पूर्ण वाढलेली मादी पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणात हलकेच गरम करतात. आतलं मांस विरघळतं, मेण निघून जातं, आणि मागे उरते फक्त पारदर्शक कातडी. ती धुवायची, गुलाबी रंग चढवायचा, काचपट्टीवर नीट पसरायची, वर कॅनडा बाल्सम या पारदर्शक डिंकाचा थेंब आणि पातळ काच. हात थरथरला तर पाय तुटतो, मिशी दुमडते आणि नमुना वाया जातो. मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी सुरू होते. मिशीला पेरं किती, आठ की नऊ? कडेनं काटेरी केसांच्या जोड्या किती? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे छिद्रं कुठे, कोणती आणि किती?

ही छिद्रं म्हणजे मेण बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींची तोंडं. काही तीन कप्प्यांची, काही पाच कप्प्यांची, काही फुलाच्या पाकळ्यांसारख्या अनेक कप्प्यांची. काही ठिकाणी सरळ बारीक नळ्याच असतात. पाठीवर कुठल्या, पोटाखाली कुठल्या, कडेला किती, हा नकाशा प्रत्येक जातीचा वेगळा. जे मेण त्या किडीला आपल्या डोळ्यांपासून लपवतं, त्या मेणाच्या छिद्रांवरूनच ती ओळखली जाते. पपईवरच्या किडीच्या पाठीवर एका खास प्रकारच्या नळ्या फक्त कडेलाच असतात, म्हणून तिच्या शास्त्रीय नावात ‘मार्जिनेटस’, म्हणजे कडेची, असा शब्द आहे.

हे काम करणाऱ्या शास्त्राला वर्गीकरणशास्त्र म्हणतात. सजीवांना वेगळं ओळखणं, नाव देणं आणि नात्यानुसार मांडणं एवढाच त्याचा अर्थ.

शास्त्रीय नावात असतं काय?

शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं. आधी आडनाव, मग स्वतःचं नाव. कसाव्यावर आलेली ही कीड म्हणजे फेनाकॉकस मनिहोटी. फेनाकॉकस हे कुळाचं आडनाव, त्यात पुष्कळ जणी येतात. मनिहोटी हे तिचं एकटीचं नाव, कसाव्याच्या शास्त्रीय नावावरून ठेवलेलं. १९७७ साली फ्रेंच शास्त्रज्ञ दानिएल मातील-फेरेरो यांनी आफ्रिकेतल्या काँगोतून आलेल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं आणि हे नाव दिलं.

नाव देताना एक नमुना कायमचा जपून ठेवतात. बाजारातले तराजू तपासायला सरकारी प्रमाणित वजन असतं ना, तसंच हे. पुढे कुणाला शंका आली तर त्या काचपट्टीशी ताडून बघायचं.

आणि या नावाचा उपयोग सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखा आहे. त्या नंबराखाली जमिनीचा सगळा इतिहास सापडतो. मूळ मालक कोण, बोजा किती, हद्द कुठे. किडीचं नाव कळलं की ती मूळची कुठली, काय खाते, किती वेगानं वाढते, तिला खाणारं कोण, हे जगात कुणीही नोंदवलेलं सगळं हाती येतं. नंबर चुकला तर दुसऱ्याच्याच जमिनीचा उतारा हातात पडतो. आफ्रिकेत नेमकं हेच झालं.

आफ्रिकेतली चुकलेली वाट

कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तो आफ्रिकेत नेला आणि तिथे तो कोट्यवधी लोकांचा रोजचा घास झाला. पाऊस कमी झाला तरी तगतो, जमीन हलकी असली तरी येतो, आणि मुळं जमिनीत राखून ठेवता येतात. आपल्याकडे ज्वारी-बाजरीची जी जागा, ती तिथे कसाव्याची.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काँगोत एक पांढरी कीड दिसली आणि पुढच्या काही वर्षांत देशामागून देश तिच्या तावडीत गेले. काही ठिकाणी पिकाचं ऐंशी टक्क्यांपर्यंत नुकसान झालं. खायलाच काही उरेना.

तेव्हा शास्त्रज्ञांनी एक साधा विचार केला. पीक दक्षिण अमेरिकेतलं, तर कीडही तिथलीच असणार. मग ती तिथे एवढा धुमाकूळ का घालत नाही? तिला खाणारं कोणीतरी तिथे असणार म्हणून. त्या शत्रूला शोधून आफ्रिकेत आणलं की झालं.

शोध सुरू झाला. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात कसाव्यावर हुबेहूब तशीच कीड सापडली. तिचे शत्रूही सापडले. पण आफ्रिकेतल्या किडीकडे हे शत्रू ढुंकून बघेनात. पैसा गेला, वर्षं गेली, आणि आफ्रिकेत पीक बसतच होतं.

मग काचपट्ट्या पुन्हा काढल्या गेल्या. छिद्रं मोजली गेली, दोन्हीकडचे नमुने शेजारी ठेवले गेले. आणि उलगडा झाला की या दोन वेगळ्या जाती आहेत. आफ्रिकेतली गुलाबी, दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातली पिवळी. आणखी एक मोठा फरक होता. पिवळीत नर असतात, गुलाबीत नर नसतातच. एकटी मादी नराशिवाय शेकडो अंडी घालते आणि त्यांतून पुन्हा माद्याच निघतात. म्हणजे वाऱ्यानं एकच पिल्लू नवीन शेतात नेलं तरी पुरे. १९८१ साली त्या पिवळीला फेनाकॉकस हेरेनी असं वेगळं नाव मिळालं.

ज्यांच्यावरून ते नाव ठेवलं ते हान्स हेरेन, स्वित्झर्लंडचे कीटकशास्त्रज्ञ, नायजेरियातल्या इबादान इथल्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत या कामाचे प्रमुख होते. नाव वेगळं निघाल्यावर शोधाची दिशाही बदलली आणि नजर उत्तरेकडून दक्षिणेकडे वळली. १९८१ मध्येच कोलंबियातल्या संशोधन संस्थेचे टोनी बेलोत्ती यांना पॅराग्वेमध्ये खरी फेनाकॉकस मनिहोटी सापडली. इतकी वर्षं ती का सापडली नव्हती? कारण आपल्या माहेरी ती दुर्मीळ होती. तिला खाणारे तिथे हजर असल्यामुळे ती कधी डोक्यावर बसलीच नव्हती. जी कीड आफ्रिकेत शेतंच्या शेतं पांढरी करत होती, ती तिच्या गावी शोधून काढावी लागली.

तिच्याबरोबर सापडली एक इवलीशी गांधीलमाशी, अनागायरस लोपेझी. लांबी जेमतेम एक-दीड मिलिमीटर. माणसाला ती चावत नाही की डसत नाही. ती पिठ्या ढेकणाच्या पोटात एक अंडं घालते. अळी आतून त्याला खात वाढते. शेवटी ढेकूण फुगून कडक, तपकिरी डबी होतो, आणि एके दिवशी त्या डबीला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. अशा कीटकाला परोपजीवी मित्रकीटक म्हणतात.

इंग्लंडमध्ये बंदिस्त प्रयोगशाळेत तपासणी करून ही माशी नायजेरियात आली आणि १९८१ च्या अखेरीस सोडली गेली. पुढच्या वर्षांत ती वाढवून सुमारे तीस देशांत पोचवली गेली. ती टिकली, पसरली, आणि किडीची संख्या खाली आली. १९९५ साली हेरेन यांना या कामासाठी जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता. पण ही गोष्ट वाचताना काचपट्टीवर वाकून छिद्रं मोजणारी माणसं मला जास्त आठवतात. त्यांनी ‘ही ती नव्हे’ असं म्हटलं नसतं, तर पॅराग्वेकडे कुणी वळलंच नसतं.

तीच कीड सेलमला आली तेव्हा

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. आफ्रिकेतल्या त्या संकटानंतर काही दशकांनी, २००८ च्या सुमारास, हीच कीड थायलंडमध्ये शिरली. तिथून आग्नेय आशियात पसरली. थायलंडनं आफ्रिकेतल्या बेनिनमधून तीच गांधीलमाशी आणली. नाव ठाऊक असल्यामुळे त्यांना पॅराग्वेपासून सुरुवात करावी लागली नाही.

भारतात ती दिसली तेव्हा घोटाळा होण्याची पुरेपूर शक्यता होती. कारण २००८ साली कोइमतूरमध्ये पपईवरचा पिठ्या ढेकूण प्रथम सापडला होता. तो मूळचा मेक्सिकोचा. तो पपईपुरता थांबला नाही. तुती, जास्वंद, आणि सेलमचा कसावासुद्धा त्यानं धरला. २०१० पर्यंत तो पुण्यातही पोचला होता. त्या वर्षी बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेनं पोर्तो रिकोहून त्याचे तीन परोपजीवी मित्रकीटक आणले आणि राज्याराज्यांत दिले. त्यांतल्या एकानं, असेरोफॅगस पपाये या गांधीलमाशीनं, कमाल केली. पपईच्या बागा सावरल्या.

म्हणून २०२० मध्ये कसाव्यावर पुन्हा पांढरं दिसल्यावर कुणीही म्हणालं असतं, ‘जुनीच कीड उलटली, तीच माशी पुन्हा सोडा.’ पण पपईची माशी या नव्या किडीला शिवतही नाही. चूक झाली असती तर आफ्रिकेतली वाया गेलेली वर्षं इथे पुन्हा घडली असती, फक्त ठिकाण बदललं असतं.

तसं झालं नाही. आतून पिवळी नाही, गुलाबी आहे. शेंडा नुसता चिकट नाही, आखडून गुच्छ झाला आहे. काचपट्टी झाली, छिद्रं मोजली गेली, नाव निघालं, फेनाकॉकस मनिहोटी. बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोनं बेनिनमधून अनागायरस लोपेझी मागवली, बंदिस्त जागेत तपासली, आणि मार्च २०२२ मध्ये सेलम जिल्ह्यात सोडली. नावापासून उपायापर्यंत दोन वर्षं लागली, आणि तीही टाळेबंदीची. आफ्रिकेला यालाच जवळजवळ एक दशक लागलं होतं.

नाव शोधण्यापेक्षा सरळ फवारणी का नको?

हा प्रश्न रास्त आहे. समोर पीक जळत असताना ‘आधी काचपट्टी करू’ म्हणणारा माणूस शेतकऱ्याला परका वाटणारच.

पण पिठ्या ढेकणावर फवारणी तोकडी पडते, त्याची कारणं आहेत. अंगावरचं मेण पाणी धरू देत नाही. अंडी पिशवीत सुरक्षित असतात. कसाव्याचा शेंडा एकदा मुडपला की औषध आत जातच नाही. उघड्यावर फिरणारे मित्रकीटक मात्र आधी मरतात. मग उरलेल्या अंड्यांतून निघालेली पिल्लं शत्रूच नसलेल्या शेतात वाढतात. दोन फवारण्यांनंतर कीड दुप्पट झाली असं शेतकरी सांगतात, त्यात तथ्य असतं.

फवारणी कधीच करू नये असं मी म्हणत नाही. चालती पिल्लं उघड्यावर असताना केलेली फवारणी उपयोगी पडते, आणि पिल्लं कधी बाहेर येतात हेही जातीवरच ठरतं. म्हणजे पुन्हा नावाशीच यावं लागतं.

हल्ली डीएनए असतो, मोबाइलचा कॅमेरा असतो

डीएनए तपासणीनं या शास्त्राला फार मोठी मदत झाली आहे. पिल्लू असलं किंवा नमुना तुटका असला तरी काम भागतं, काचपट्टीला मात्र पूर्ण वाढलेली मादीच लागते. पण डीएनएचा क्रम स्वतःहून नाव सांगत नाही. तो एका मोठ्या साठ्यातल्या क्रमांशी जुळवून बघावा लागतो. त्या साठ्यात तो क्रम टाकणाऱ्यानं किडीला चुकीचं नाव दिलं असेल, तर आपल्यालाही तेच चुकीचं नाव मिळतं, आणि वर ‘डीएनएनं सिद्ध’ असा शिक्काही बसतो. त्या साठ्याची किंमत काचपट्टी वाचणाऱ्या माणसाच्या नजरेइतकीच.

फोटोचंही तसंच. मोबाइलनं काढलेल्या स्वच्छ फोटोवरून पाठीवरचे ठिपके, शेपट्या, रंग दिसतो, आणि जाणकाराला अंदाज येतो. तो अंदाजच. मेणाखालची छिद्रं कुठल्याही मोबाइलला दिसत नाहीत.

मला काळजी वाटते ती ही छिद्रं वाचणाऱ्यांची. पिठ्या ढेकणांची काचपट्टी करून नाव सांगू शकणारी माणसं फार थोडी आहेत. हे शिकायला वर्षं लागतात, आणि या कामाला ना टाळ्या मिळतात ना निधी.

नावं तर सारखी बदलतात, मग भरवसा कसा ठेवायचा?

हाही आक्षेप नेहमी ऐकू येतो. अनागायरस लोपेझीचंच बघा. जुन्या लेखांत तीच माशी एपिडिनोकार्सिस लोपेझी म्हणून भेटते, काही ठिकाणी अपोअनागायरस लोपेझी म्हणून. तिन्हीत ‘लोपेझी’ कायम आहे, बदललं ते आडनाव. जवळून नाती तपासल्यावर ती दुसऱ्या कुळातली निघाली, म्हणून तिला तिकडे नेलं. माशी तीच आणि तिचं कामही तेच. जुन्या आडनावाखालची माहिती शोधायला विसरलं नाही म्हणजे झालं.

कधी मात्र नाव बदलणं म्हणजे चूक दुरुस्त करणं असतं. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण २००५ च्या सुमारास भारत-पाकिस्तानात उसळला, तेव्हा पाकिस्तानात त्याला नवी जात समजून नवं नाव दिलं गेलं. आपल्याकडेही सुरुवातीला तो वेगवेगळ्या नावांनी ओळखला गेला. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं नऊ राज्यांतल्या कपाशीवरून नमुने गोळा केले, तेव्हा जवळपास सगळीकडे एकच जात निघाली, फेनाकॉकस सोलेनॉप्सिस. पाकिस्तानातली ‘नवी’ जातही हीच निघाली. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये एका मुंगीच्या वारुळातून मिळालेल्या नमुन्यांवरून १८९८ मध्ये तिचं वर्णन झालं होतं आणि त्या मुंगीचंच नाव तिला मिळालं होतं. शंभर वर्षं कपाटात पडलेली ती जुनी नोंद एकदम विदर्भातल्या कपाशीच्या कामाला आली. ती परदेशी आहे हे कळलं, गाजर गवतावर ती बिगरहंगामात तग धरते हे लक्षात आलं, आणि बांधावरचं गाजर गवत उपटणं हा उपायाचा भाग झाला.

बाहेरची माशी आणणं हाच धोका नाही का?

आहे, आणि म्हणूनच नाव अचूक हवं. नाव न कळता कीटक आणला की काय होतं याचा एक भारतीय दाखला सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा आहे.

फड्या निवडुंगावर एक खवले कीड जगते, तिच्यापासून किरमिजी रंग मिळतो. या रंगाचा व्यापार स्पेनच्या मुठीत होता आणि ईस्ट इंडिया कंपनीला तो हवा होता. १७९५ मध्ये ब्राझीलमधून कीड आणून भारतात सोडली गेली. पण ती रंगाची खरी कीड नव्हती. तिची रानटी बहीण होती. रंग सुमारच निघाला, आणि कीड मात्र निवडुंग फस्त करत सुटली. दक्षिणेतल्या एका जातीचा निवडुंग तिनं जवळजवळ संपवला. त्या वेळी तिला शास्त्रीय नावसुद्धा नव्हतं. ते मिळालं शंभर वर्षांनी, १८९६ मध्ये, श्रीलंकेतल्या नमुन्यांवरून, म्हणून ब्राझीलची असूनही तिच्या नावात ‘सिलोन’ आहे. निवडुंगाच्या दुसऱ्या एका जातीला तिनं अजिबात तोंड लावलं नाही. त्या जातीसाठी १९२६ मध्ये आणखी एक वेगळी कीड आणावी लागली. आपल्याला दोन्ही निवडुंग काटेरीच दिसतात, किडीला मात्र ते वेगळे कळले.

नुकसान निवडुंगाचं झालं, म्हणून ती चूक लोकांना बोचली नाही. तीच चूक एखाद्या पिकावर झाली असती तर? आज म्हणूनच परदेशी मित्रकीटक थेट शेतात येत नाही. परवानगी, बंदिस्त जागा, इतर कीटकांवर आणि पिकांवर चाचण्या, आणि त्याच्या स्वतःच्या नावाची खात्री झाल्याशिवाय दार उघडत नाही.

आपल्या झाडावर दिसली तर

घरच्या जास्वंदीवर चार पांढरे ठिपके दिसले तर शास्त्रज्ञ शोधायची गरज नाही. फांदी छाटा, पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा, खोडावरच्या मुंग्यांची रांग तोडा. पण शेतात नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं, शेंडे नवीनच पद्धतीनं आखडले, किंवा दरवर्षीच्या उपायानं काहीच फरक पडला नाही, तर नमुना कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात न्यावा. कीड ओरबाडू नये, सोंड तुटते. कीड बसलेला फांदीचा तुकडाच कापून घ्यावा, मोठ्या माद्या दिसतील असा. घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत अल्कोहोलमध्ये बुडवावा. बुडवण्याआधी तिचा रंग बघून लिहून ठेवावा, कारण अल्कोहोलमध्ये तो बदलतो. आणि बाटलीच्या आत एक चिठ्ठी टाकावी, तिच्यावर पिकाचं नाव, गाव, तारीख. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहावी. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि तपासणाऱ्याच्या हाती कोरा कागद येतो.